बोटांची तक्रार

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी जे दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतात, त्यांना एक गंमत करून बघायला सांगतो. एका कागदावर कीबोर्डचे रिकामे चौकोन काढा आणि कुठलं अक्षर कुठे असतं ते आठवून भरा. समोरच्या कीबोर्डकडे बघायचं नाही, आणि मांडीवर बोटं नाचवून अंदाजही घ्यायचा नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग शंभर लोकांवर केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला. मंडळी नवशिकी नव्हती. मिनिटाला सरासरी ७२ शब्द आणि त्यातही चुका अगदी थोड्या, असा त्यांचा हात. तरी २६ अक्षरांपैकी सरासरी १५च अक्षरं त्यांना बरोबर जागी बसवता आली.

म्हणजे बोटांना सगळं ठाऊक आहे आणि बोटांच्या मालकाला अर्धंमुर्धं.

याच विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रंप यांनी त्याआधी, २०१० साली, आणखी एक खोडी काढली होती. माणूस टाइप करत असताना पडद्यावर त्यांनी मुद्दाम लबाडी केली. कधी बरोबर टाइप केलेल्या शब्दात एक चूक घुसडायची, तर कधी खरोखर झालेली चूक गुपचूप दुरुस्त करून टाकायची. नंतर विचारलं तर लोक पडद्यावर विश्वास ठेवून मोकळे. घुसडलेली चूक आपलीच म्हणून कबूल केली आणि दुरुस्त झालेल्या शब्दाचं श्रेय स्वतःकडे घेतलं. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढच्या अक्षराला ती किंचित अडखळायची, मग पडदा काहीही दाखवो. आणि पडद्यानं घुसडलेल्या खोट्या चुकीवर ती अडखळायची नाहीत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण कीबोर्डची ठेवण बदलली की लोक जो आरडाओरडा करतात, त्याचं मूळ इथे आहे. नवा लॅपटॉप येतो, माणूस दोन ओळी लिहितो आणि म्हणतो, ‘काहीतरी विचित्र वाटतंय.’ काय विचित्र, ते त्याला सांगता येत नाही, कारण ज्याला कळलंय त्या हाताला बोलता येत नाही. मग कंपनी म्हणते, सवयीचा प्रश्न आहे, होईल सवय. पुष्कळदा कंपनीचं खरं असतं, पण प्रत्येक वेळी नाही.

आयबीएमचंच बघा. ही मूळची टाइपरायटरवाली मंडळी. १९६१ सालचा त्यांचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर पुढे कित्येक वर्षं ऑफिसाऑफिसातून खडखडत होता. बोटाखाली बटण कसं लागलं पाहिजे हे जगात कुणाला कळत असेल, तर त्यांना. आणि याच कंपनीनं नोव्हेंबर १९८३मध्ये घरगुती वापरासाठी पीसी ज्युनिअर नावाचा कॉम्प्युटर जाहीर केला, त्याचा कीबोर्ड कसा होता? लहान, चपटी, रबरी बटणं, एकमेकांपासून लांब लांब बसवलेली. अक्षरं बटणांवर छापलेलीच नव्हती, बटणांच्या वरच्या पट्टीवर होती. हेतू असा की वेगवेगळ्या प्रोग्रॅमसाठी बटणांभोवती बसणारे छापील तक्ते कीबोर्डवर ठेवता यावेत. कागदावर कल्पना छान दिसते. टाइप करणाऱ्याच्या बोटाला मात्र बटणाची कड लागत नव्हती आणि बटण दबल्याची खूणही नीट मिळत नव्हती. अमेरिकेत त्याची इतकी टिंगल झाली की १९८४च्या उन्हाळ्यात आयबीएमनं नवा, रीतसर बटणांचा कीबोर्ड आणला आणि आधीच्या ग्राहकांना तो फुकट दिला. कीबोर्ड सुधारला, पण पीसी ज्युनिअर काही सावरला नाही. वर्षभरात तो बंद झाला. (त्याला इतरही कारणं होती, सगळं खापर बिचाऱ्या कीबोर्डवर नको.)

इथे सवयीचा प्रश्न नव्हता. दोन वर्षं वापरला असता तरी तो कीबोर्ड वाईटच राहिला असता.

याच्या उलट उदाहरणही आयबीएमचंच. १९८१च्या त्यांच्या पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर फंक्शनची दहा बटणं डाव्या हाताला दोन उभ्या रांगांत होती, आणि ‘ए’च्या शेजारी, जिथे आज कॅप्स लॉक आहे, तिथे कंट्रोल होतं. काही वर्षांनी नवा मोठा कीबोर्ड आला, १०१ बटणांचा. आज आपण वापरतो त्या मांडणीचा तो पूर्वज. त्यात फंक्शनची बटणं बारा झाली आणि वरच्या ओळीत गेली, कंट्रोल खाली कोपऱ्यात गेलं. जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला. पुढे पिढी बदलली, आणि आज हीच मांडणी ‘नेहमीची’ म्हणून ओळखली जाते. तरीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये अजून असे लोक आहेत, जे नवा कॉम्प्युटर हातात आला की पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन कॅप्स लॉकचं कंट्रोल करून घेतात. त्यांचा हट्ट मला तरी समजतो. कॅप्स लॉक माणूस कितीदा वापरतो, आणि कंट्रोल कितीदा?

आता हा ‘कितीदा’ शब्द जरा धरून ठेवा, कारण कीबोर्ड बदलणारी माणसं इथेच चकतात. कुठलं बटण दिवसातून किती वेळा दाबलं जातं याची मोजणी ते करतात, आणि मोजणी उपयोगी असतेच. लेनोवोनं २००९ साली आपल्या थिंकपॅड या लॅपटॉपच्या एका मॉडेलवर एस्केप आणि डिलीट ही दोन बटणं उंच केली. लोक ती वारंवार वापरतात हे त्यांनी अभ्यास करून पाहिलं होतं. दोन बटणं मोठी झाली, जवळपास आपल्याच जागी राहिली, बोट सहज पोचलं. असा बदल खपतो. पण त्याच लेनोवोनं २०१४ साली एक्स-वन कार्बन या लॅपटॉपवर वेगळाच घाट घातला. वरची फंक्शनची सगळी ओळ काढली आणि तिच्या जागी काचेची स्पर्शपट्टी बसवली. उघडलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे पट्टीवरची चित्रं बदलायची. कॅप्स लॉक काढून त्या जागी होम आणि एंड ही बटणं दिली. कॅप्स लॉक कुणी फारसं वापरत नाही, हे मोजणीच्या हिशेबानं बरोबरच. पण ‘ए’ दाबताना करंगळी जरा डावीकडे घसरली, तर पूर्वी फार तर अक्षरं मोठी व्हायची. आता कर्सरच ओळीच्या टोकाला उडी मारायला लागला. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलवर फंक्शनची खरी बटणं परत आली.

त्यातून कुणी काही शिकलं असेल असं वाटावं, तोच २०१६ साली अ‍ॅपलनं मॅकबुक प्रोवर टच बार आणला. तीच काचेची पट्टी, जास्त देखणी, आणि तिच्यात एस्केपचं बटणही गेलेलं. ते नाहीसं झालं नव्हतं म्हणा, पट्टीच्या डाव्या टोकाला ‘एस्केप’ असं लिहून यायचं. पण काचेवर लिहिलेलं बोटाला वाचता येत नाही. व्हिम नावाच्या एडिटरमध्ये काम करणाऱ्यांची तर पंचाईतच झाली. तिथे मजकूर लिहिणं आणि मजकुरात फिरणं या दोन वेगळ्या अवस्था असतात, आणि पहिलीतून दुसरीत यायला एस्केप दाबावं लागतं. त्यांची करंगळी दर दोन-तीन वाक्यांनी तिकडे जाते. कॅप्स लॉकचं एस्केप करून घेण्याची सोय अ‍ॅपलनं सेटिंगमध्ये दिली. तोडगा चालण्यासारखा होता, पण राग काही गेला नाही.

त्या लॅपटॉपमध्ये दोष आणखी होते. अ‍ॅपलनं २०१५ सालच्या बारीक मॅकबुकपासून ‘बटरफ्लाय’ नावाची नवी रचना आणली होती. बटणाखाली फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट होणारी यंत्रणा. त्यामुळे बटण फार थोडं खाली जायचं आणि लॅपटॉप पातळ व्हायचा. काहींना तो कडक, खट्कन लागणारा स्पर्श आवडलाही. पण धुळीचा एखादा कण आत गेला की बटण अडकायचं किंवा एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटायचं. आणि एकच बटण बदलणं सोपं नव्हतं, दुरुस्तीत अख्खा वरचा भागच बदलावा लागायचा. २०१८मध्ये अ‍ॅपलनं फुकट दुरुस्तीची योजना काढली. अमेरिकेत कंपनीवर सामूहिक दावा झाला आणि २०२२ साली ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर, २०१९च्या अखेरीला आलेल्या सोळा इंची मॅकबुक प्रोवर जुन्या पद्धतीची कात्री-रचना परत आली होती, आणि एस्केपचं खरंखुरं बटणही.

त्या परतीत आणखी एक बारीक गोष्ट होती. बातम्यांत तिचा गाजावाजा कमी झाला, मला मात्र तीच सगळ्यात बोलकी वाटते. बाणांची चार बटणं. पूर्वी ती उलट्या ‘टी’च्या आकारात असायची: वर एक, खाली तीन. वरच्या बाणाच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा. २०१५च्या मांडणीत डावा आणि उजवा बाण पूर्ण उंचीचे केले आणि ती रिकामी जागा भरून टाकली. बटणं मोठी झाली, म्हणजे सोय वाढली असं कुणालाही वाटेल. पण उजवा हात न बघता बाणांकडे जायचा तो त्या रिकाम्या खाचेच्या आधारानं. खाच लागली की आपण कुठे आहोत ते बोटाला कळायचं. खाच गेली आणि लोकांना मान खाली घालून बघावं लागलं. त्या खाचेचं काम कुठल्याच मोजणीत येणार नाही, कारण तिथे दाबायला काही नाहीच. ‘एफ’ आणि ‘जे’वरच्या बारीक उंचवट्यांचं तेच काम. ते झिजले की माणसाला एकदम आंधळ्यासारखं होतं.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं. लोकांची प्रत्येक कुरकुर खरी धरली, तर जगात काहीच बदलणार नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९४ साली नॅचरल कीबोर्ड काढला, मधून दुभागलेला आणि दोन्ही बाजूंना उतरता, मनगटं सरळ राहावीत म्हणून. पहिल्या दिवशी तो सगळ्यांनाच वेडावाकडा वाटला. अनेकांना आयुष्यात प्रथमच शोध लागला की आपण ‘बी’ हे अक्षर उजव्या हातानं दाबतो. या कीबोर्डवर ‘बी’ डाव्या तुकड्यात होतं. उजवी तर्जनी अक्षर शोधत दरीत पडायची. पण ज्यांनी महिनाभर चिकाटी धरली, त्यांतले कितीतरी पुढे साध्या कीबोर्डकडे वळायला तयार होईनात.

आणि ड्वोराक? ऑगस्ट ड्वोराक यांनी १९३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही अक्षरमांडणी. नेहमी लागणारी अक्षरं मधल्या ओळीत, बोटांना पळापळ कमी. तिच्या वेगाबद्दल दावे बरेच झाले, पण १९५६ साली अमेरिकी सरकारसाठी झालेल्या चाचणीत तो फायदा काही दिसला नाही. १९८४च्या अ‍ॅपल टू-सी कॉम्प्युटरवर तर कीबोर्डच्या वर एक छोटा स्विचच होता. दाबला की ड्वोराक, पुन्हा दाबला की नेहमीची मांडणी. पैसे नकोत, दुरुस्ती नको. तरी जग तिकडे गेलं नाही. लोक आळशी म्हणून नव्हे. जो हात मिनिटाला ७० शब्द देतो, त्याला काही आठवडे १५ शब्दांवर आणायचं, आणि कामाची मुदत तर तीच. कोण करेल?

म्हणून नव्या कीबोर्डबद्दलच्या पहिल्या आठवड्यातल्या शिव्या मी फारशा मनावर घेत नाही. महिन्यानंतरही उरलेली तक्रार मात्र लक्ष देऊन ऐकावी. सरकलेलं बटण तोवर बहुतेकांच्या हातात बसलेलं असतं. काढून टाकलेलं बटण, न लागणारी कड, अडकणारी यंत्रणा, यांच्याशी बोटं जुळवून घेत नाहीत, कारण जुळवून घ्यायला तिथे काही नसतंच.

२०२४च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं कोपायलट या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसासाठी कीबोर्डवर वेगळं बटण जाहीर केलं. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी उजवं कंट्रोल किंवा मेनूचं बटण गेलं. मेनूचं बटण ज्यांनी कधी दाबलंच नाही, त्यांना फरक पडला नाही. पण दृष्टिहीन माणूस माऊस वापरत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीनं तो सगळं काम कीबोर्डवर करतो, आणि उजव्या क्लिकच्या जागी त्याला हेच बटण लागतं. त्याच्यासाठी शिफ्ट आणि एफ-टेन असा दुसरा मार्ग आहे. पण एका बोटाचं काम दोन हातांवर गेलं ना! नवं बटण आपल्या मर्जीनं दुसऱ्या कामाला लावायची सोय विंडोजमध्ये नंतर आली, तीही मर्यादित.

शेवटी एक लांबलेलं भांडण सांगून थांबतो. थिंकपॅडवर खालच्या डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं ‘एफएन’ बटण (दुसऱ्या बटणाबरोबर दाबलं की त्याचं वेगळं काम करून घेणारं) होतं आणि कंट्रोल त्याच्या उजवीकडे. इतर बहुतेक कंपन्यांचं नेमकं उलट. ऑफिसात थिंकपॅड आणि घरी दुसरा लॅपटॉप अशी ज्यांची विभागणी, त्यांचं कॉपी-पेस्ट रोज एकदा तरी फसायचं. तक्रारी इतक्या आल्या की लेनोवोनं दोन्ही बटणांची कामं आपसांत बदलायची सोय सेटिंगमध्ये दिली, आणि २०२४च्या मॉडेलांपासून कंट्रोल खरोखरच कोपऱ्यात नेलं. अदलाबदलीची ती सोय मात्र काढलेली नाही. थिंकपॅडवरच ज्यांची बोटं तयार झाली, त्यांना आता ती लागते.

नमस्कार.