ठासणीची बंदूक आणि जपानातला फ्रेंच अधिकारी

मंडळी, जपानची जुनी लढाई म्हटली की एकीकडे तलवारवाले सामुराई आणि दुसरीकडे बंदूकवाली फौज, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. झ्यूल ब्र्यूनेची हकिगत या चित्रात बसत नाही.

हा फ्रेंच तोफखान्याचा अधिकारी, मेक्सिकोची मोहीम पाहिलेला. जानेवारी 1867 मध्ये तो योकोहामाला उतरला, शोगुनच्या (जपानच्या तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या) सैन्याला नवी कवायत आणि तोफखाना शिकवायला. म्हणजे पुढे ज्यांना ‘जुने’ म्हटलं गेलं, तेच आधी आधुनिक व्हायला निघाले होते! वर्षभरात सम्राटाच्या नावाने उभ्या राहिलेल्या नव्या सरकारपुढे शोगुन हरला, फ्रेंच पथकाला परत जायला सांगितलं गेलं. ब्र्यूनेने राजीनामा पाठवला आणि आपण शिकवलेल्या माणसांबरोबर तो उत्तरेला हाकोदातेला गेला. त्यांचा सेनानी होता एनोमोतो ताकेआकी. शोगुनने अमेरिकेकडून मागवलेली चिलखती युद्धनौका मात्र नव्या सरकारच्या हाती पडली आणि 1869 मध्ये ती हाकोदातेवरच चालून आली. जूनमध्ये तिथला प्रतिकार संपला. ब्र्यूने त्याआधीच फ्रेंच जहाजावरून निसटला होता.

1868 साली नव्या सरकारची फौज घेऊन एदोवर (आजच्या टोकियोवर) चालून गेलेल्यांत साइगो ताकामोरी होता. नऊ वर्षांनी तोच साइगो आपल्या सात्सुमा प्रांताच्या सामुराईंना घेऊन त्या सरकारविरुद्ध उठला. सामुराईंची तलवार बाळगण्यावर 1876 मध्ये बंदी आली होती, तनखेही गेले होते. पण त्यांच्या हातात बंदुकाही होत्या. बऱ्याचशा ब्रिटिश बनावटीच्या एन्फील्ड, ठासणीच्या.

ठासणीची बंदूक आपल्याकडे, रानडुकरं हाकायला ठेवलेली, अनेकांनी पाहिली असेल. तेव्हा क्रम आठवा. बंदूक उभी धरायची, कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडून गजाने ठासायची, मागे केप (घाव बसताच ठिणगी पाडणारी टोपी) बसवायची, मग नेम. सराईत माणूस मिनिटाला तीन बार काढतो. आता हेच सगळं आपल्या आषाढातल्या पावसात करून बघा. कागद भिजतो, उभ्या नळीत पाणी जातं, दारू दमट होते, आणि केप फुटूनही बार उडत नाही. शिवाय आडवं पडून ठासणं फार अवघड, बहुधा उठावंच लागतं. तेवढ्यात समोरचा टिपतो.

साइगोच्या या उठावात, मार्च 1877 मध्ये, ताबारुझाकाच्या चढावर पाऊस आणि चिखलात हेच घडलं. सरकारी सैनिकांकडे स्नायडर होत्या. ही मुळात एन्फील्डच. नळीचा मागचा भाग कापून बिजागरीची झडप बसवलेली. झडप उघडा, तयार काडतूस सरकवा, बंद करा, चाप ओढा. मिनिटाला दहाएक बार, तेही पडल्या पडल्या. सात्सुमाच्या माणसांनी धुक्या-पावसात तलवारीने अंगावर जाऊन सरकारी सैन्याला हैराण केलं, हे खरं आहे. पण त्या दिवसांत तलवार उपसण्याचं एक कारण भिजलेली दारू हेही होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

24 सप्टेंबर 1877 ला शिरोयामाच्या टेकडीवर साइगो मारला गेला. ब्र्यूने तेव्हा पुन्हा फ्रेंच सैन्यात होता. आणि हाकोदातेला शरण आलेला एनोमोतो त्या दिवशी रशियात होता, त्याच सरकारचा राजदूत म्हणून.