तुटणारं पाणी, जुळणारं पाणी

[दृश्य: तलावाच्या तळाशी निळा उजेड]

तुर्भे. भाभा अणुसंशोधन केंद्रातली 'अप्सरा-यू'. पहिली अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. तिच्याच इमारतीत २०१८ पासून चालणारी ही दोन मेगावॉटची नवी अणुभट्टी.

हा निळा उजेड बघत राहावा असा आहे. पण तो पाणी तुटल्याची खूण नव्हे. पाण्यात प्रकाश ज्या वेगानं जातो, त्याहून जोरात धावणारे इलेक्ट्रॉन तो पाडतात. पाणी तुटतं तेही इथंच, याच क्षणी. फक्त ते दिसत नाही.

[ॲनिमेशन: किरणाची वाट, फुटणारे रेणू]

गॅमा किरणानं पाण्यात १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा टाकली, की साधारण २.७ हायड्रॉक्सिल (पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन तुटल्यावर उरणारा तुकडा), जवळजवळ तेवढेच सुटे इलेक्ट्रॉन आणि ०.६ हायड्रोजन अणू निघतात. हे तिघे उतावळे, कोणालाही जाऊन भिडणारे. त्यांच्यासोबत दोन सावकाश गडी: हायड्रोजन वायू ०.४५ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ०.७. हा सगळा हिशोब सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात पुरा होतो.

आता खरी गंमत. हायड्रॉक्सिल हायड्रोजन वायूला धरतो, त्याचं पाणी होतं आणि एक हायड्रोजन अणू सुटतो. तो अणू पेरॉक्साइडला फोडतो. परत पाणी, आणि परत एक हायड्रॉक्सिल. तुटलेलं पाणी स्वतःच जुळत जातं. त्यासाठी दोनच अटी: पाणी स्वच्छ हवं आणि हायड्रोजन हाताशी हवा. क्लोराइड किंवा तेलाचा अंश शिरला, की हायड्रॉक्सिल त्यातच खर्ची पडतो आणि साखळी तुटते. न्यूट्रॉनच्या माऱ्यात तर उतावळे कमी निघतात, वायू आणि पेरॉक्साइड जास्त.

[दृश्य: समुद्राकडून तारापूर]

तारापूर अणुवीज केंद्र, जिल्हा पालघर. एकाच आवारात दोन घराणी. १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधं पाणी गाभ्यातच उकळतं. उकळलं की हायड्रोजन वाफेबरोबर निघून जातो, म्हणजे जुळवणारा हातच सुटतो. अशा भट्टीच्या पाण्यात मग साधारण २०० पीपीबी (अब्ज भागांत २०० भाग) ऑक्सिजन उरतो, शिवाय पेरॉक्साइड. वेल्डिंगच्या जोडाशेजारी स्टेनलेस स्टीलला तडे जायला एवढं पुरतं. २०२० मध्ये या दोन्ही भट्ट्या थांबल्या आणि रिसर्क्युलेशनचे, म्हणजे गाभ्यातलं पाणी फिरवणारे, पाइप बदलायचं काम हाती घेतलं गेलं.

वाफेबरोबर गेलेला वायू आडबाजूच्या बंद नळीत साठला तर स्फोट होतो. जपानमधलं हामाओका अणुवीज केंद्र, जर्मनीतलं ब्रुन्सब्युटेल. दोन्ही २००१ साली.

[दृश्य: प्रयोगशाळा, नमुन्याच्या बाटल्या]

तीन आणि चार नंबरची गोष्ट वेगळी. ५४० मेगावॉटच्या या भट्ट्यांत जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं पाणी, दोन ठिकाणी फिरतं. उष्णता वाहून नेणाऱ्या फेऱ्यात दाब मोठा, उकळी नावापुरती. त्यात लिथियम हायड्रॉक्साइड घालून पाणी अल्कधर्मी ठेवतात, म्हणजे कार्बन स्टीलचे पाइप टिकतात. शिवाय किलोभर पाण्यामागे ३ ते १० मिलिलिटर हायड्रोजन. जुळणी चालू राहायला आणि ऑक्सिजन १० पीपीबीच्या आत ठेवायला एवढा चिमूटभर वायू पुरतो.

केमिस्टची झोप उडवतो तो मात्र मॉडरेटर, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं दुसरं जड पाणी. कॅलॅन्ड्रिया नावाच्या टाकीतलं हे पाणी जेमतेम ६०-८० अंशांचं, दाब किरकोळ, वर हेलियमची चादर. तुटलेल्या जड पाण्याचा ड्युटेरियम या हेलियममध्ये चढतो. तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी हात हलवावे लागतात. हेलियम पॅलेडियमच्या उत्प्रेरकावरून सतत फिरवतात. तिथं ड्युटेरियम आणि ऑक्सिजनचं परत जड पाणी होतं. उत्प्रेरक ओला झाला की काम मंदावतं. आणि ऑक्सिजन कमी पडला तर? तर तो बाहेरून सोडावा लागतो. स्फोटाची भीती असलेल्या वायूत मुद्दाम ऑक्सिजन सोडायचा, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो.

[दृश्य: बाटलीत गॅडोलिनियम नायट्रेटचं रंगहीन द्रावण]

भट्टी झटक्यात थांबवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे हे द्रावण मॉडरेटरमध्ये मारणं. गॅडोलिनियम न्यूट्रॉन गिळतो, साखळी-विखंडन थांबतं. पण सोबत नायट्रेट येतो. तो सुटे इलेक्ट्रॉन पकडून नायट्राइट होतो, नायट्राइट हायड्रॉक्सिल खातो, आणि जुळणीची साखळी मोडते. विखंडन थांबलं तरी इंधनाचे गॅमा किरण चालूच असतात, त्यामुळे वरच्या हेलियममध्ये ड्युटेरियम चढू लागतो.

मॉडरेटरचं पाणी किंचित आम्लधर्मी ठेवावं लागतं. अल्कधर्मी झालं तर गॅडोलिनियम साका होऊन खाली बसतो. कार्बन डायऑक्साइड झिरपला तर आणखी वाईट: किरणांखाली त्याचं ऑक्झलेट होतं, ऑक्झलेट गॅडोलिनियमला घेऊन बसतं आणि भट्टी थांबवून धरणारं विषच पाण्यातून कमी होतं.

[दृश्य: रेझिनचे खांब, विद्युतवाहकतेचा मीटर]

परत सुरू करायच्या आधी सगळं पाणी आयन एक्स्चेंज रेझिनमधून फिरवतात. गॅडोलिनियम आणि नायट्रेट दोन्ही रेझिनवर अडकतात. मीटरचा आकडा उतरत जातो, पुढचा नमुना बाटलीत येतो, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात हेलियममधल्या ड्युटेरियमची टक्केवारी लिहिली जाते.