जुनी होडी, मेस्त्रींचे कान आणि खाडीचं पाणी

नमस्कार मंडळी. मे महिना आहे, मुंबई-पुण्याची माणसं गावी आलीत आणि या दिवसांत मला कोणीतरी हमखास विचारतं, की आमच्या मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, आजोबांची होडी पडून आहे, ती परत पाण्यात जाईल का हो? तर आज त्यावरच बोलूया. मी बोलतोय ते लहान लाकडी होडीबद्दल, उलांडीवाली, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेली, दोघातिघांनी वल्हवत खाडीत जाळं टाकायला जायची ती. ट्रॉलरचं काम अंगणात होत नाही, ते सोडून द्या.

पहिली गोष्ट नीट ऐका. होडी कुजते ती गोड्या पाण्याने, खाऱ्या नाही. परत सांगतो, गोड्या पाण्याने. पावसाचं पाणी तळाशी साचतं, वरून ताडपत्री घट्ट गुंडाळलेली, आत वारा नाही, मग बुरशी लागते आणि फळी आतून भुसभुशीत होते. जुनी माणसं माडाच्या पात्यांचे विणलेले झाप घालायची, पाऊस वरून निथळून जायचा आणि आत वाराही खेळायचा. निळी ताडपत्री स्वस्त पडते हे खरं, पण होडीवर ती गच्च बांधून ठेवलेली बघितली की मला राहवत नाही, मी ओळख नसली तरी त्या घरात जाऊन सांगतो.

समुद्रात लाकडाला त्रास वेगळा. तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो, दिसतो अळीसारखा पण जात शिंपल्याची. होडी वर ओढून चांगली सुकवली की तो मरतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर असतात, तेव्हा निदान त्याला समुद्राचं पाणी मिळत नाही. आणि बंदीचं निघालंच आहे तर बोलूनच टाकतो, ही बंदी मनापासून पाळतो तो छोटा माणूस, आणि तिकडे एलईडी दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने २०१७ पासून मनाई केलेली असूनही रात्री समुद्रात दिवे दिसतात ते दिसतातच, याचा मला फार राग येतो. असो. होडीकडे येऊ.

मला सांगायचंय ते मालवणजवळच्या देवबागच्या आमच्या आत्याच्या होडीचं. आत्येचे यजमान गेले तेव्हापासून होडी माडांखाली उपडी पडलेली. आत्येभाऊ मुंबईहून सुट्टी घेऊन आला, म्हणाला ही मी तयार करणारच. वाडीतले सगळे म्हणाले, चुलीत घाल, बंबाला लाकडं होतील. मग कोणीतरी म्हणालं, मेस्त्रींना तरी विचारा. मेस्त्री म्हणजे होड्या बांधण्यात हयात गेलेला माणूस, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नातवाचा हात धरून आले. आम्हाला वाटलं, यांना दिसणार काय आणि सांगणार काय.

त्यांनी लाकडी हातोडी मागितली आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. एक ठोका, कान लावायचा, वीतभर पुढे, परत ठोका. चांगली फळी टण् वाजायची. मधेच एखादी थप् करायची, की लगेच नातवाला म्हणायचे, कोळशाने फुली मार. सगळी होडी अशी वाजवून घेतली, आणि फुल्या पडल्या त्या फक्त दोन फळ्यांवर, दोन्ही तळाकडच्या. आत्येभावाने खात्री करायला तिथे टोच्या घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला, बाजूच्या फळीत नखभरसुद्धा जाईना.

त्या दोन फळ्या बदलल्या. बाकीच्या होडीत फळी-फळीमधून उजेड दिसत होता, म्हणून आत्येभाऊ कापूस आणि तेल घेऊन बसला सगळ्या फटी गच्च भरायला. मेस्त्रींनी तो ठोकण्याचा आवाज रस्त्यावरूनच ऐकला आणि तिथूनच ओरडले, "थांब! ही मेलली नाय रे, तानलेली आसा. हिका आधी पाणी पाजा." तो बोरिंगचा पाइप लावायला निघाला तर म्हणाले, "बोरिंगचा नको, खाडीचा."

म्हणजे होडी मुद्दाम बुडवायची! भरतीला आठ-दहा जणांनी ती कर्लीच्या खाडीत ढकलली, आत जांभ्या दगडाचे चिरे ठेवले आणि ती डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली. आत्या काठावर उभी, तिच्या डोळ्यांत पाणी, म्हणते, "इतके दिवस घासलास आणि आता बुडवतंस काय रे?" मेस्त्री म्हणाले, "वयनी, जरा दम धरा."

ओहोटीला होडी चिखलावर उघडी पडली. आतलं अर्धं पाणी बालदीने काढून टाकलं, कारण भरलेली होडी कोरड्यात तशीच ठेवली तर वजनानेच वांक, म्हणजे आतल्या फासळ्या, मोडतात, हे लक्षात ठेवा. उरलेलं पाणी बाहेर यायला लागलं, सगळीकडून धारा, बघवत नव्हतं. पुढच्या भरतीला परत पाण्याखाली, ओहोटीला परत बघायचं. मेस्त्री रात्रीच्या ओहोटीलासुद्धा यायचे, आम्हाला गप्प बसवायचे आणि होडीभोवती कान देऊन फिरायचे. धारांचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि शेवटी एका रात्री म्हणाले, आता तीनच ठिकाणी गळतंय. बॅटरी लावून बघितलं, बरोब्बर तीन. तेवढ्याच फटीत तेलातला कापूस भरला, बाकी कुठेही नाही. आत्या त्या रात्री मेस्त्रींना जेवल्याशिवाय सोडेना.

यातलं कारण समजून घ्या. सुकलेली फळी पाणी प्याली की फुगते आणि फट स्वतःच मिटवते. सुकी असताना फट कापसाने ठासून भरलीत तर फुगायला जागा राहत नाही, मग ती शेजारच्या फळीला रेटते आणि खिळे ढिले होतात. म्हणून आधी पाणी, मग कापूस. आधी पाणी, मग कापूस.

आता बाकीचं पटकन. होडी टेकवताना खाली पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाला, दर दोन-तीन फुटांवर आधार द्या, फक्त दोन टोकांवर ठेवली तर मधे बाक येतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, पाणी मारून खरवडा आणि तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. नवी फळी जुन्याच जाडीची घ्या. खिळे एका जातीचे वापरा, तांब्याच्या शेजारी लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात लवकर गंजून संपतो. वरून फायबर मारून टाकू असं दुकानदार सांगतील. फळ्यांच्या जुन्या होडीला ते करू नका, आत ओल कोंडते आणि लाकूड आतल्या आत जातं, बाहेरून चकचकीत दिसतं.

तेल माशाचं लावा नाहीतर जवसाचं, पण जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. परत सांगतो, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा नाहीतर दोरीवर सुटे पसरून सुकवा.

आणि ज्यांना यंदा नारळी पौर्णिमेला होडी उतरवायची आहे त्यांनी फळ्या याच महिन्यात बदलून घ्या, कारण एकदा पाऊस लागला की ना लाकूड सुकत ना रंग. उलांडीच्या दोऱ्या कशा बांधायच्या ते पुढच्या भागात सांगतो. नमस्कार.