पडवीतला रेडिओ

श्रोतेहो, नमस्कार.

१९९६ साली मी शिक्षणासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी गेले, तेव्हा ज्या घरात मी खोली भाड्याने घेतली होती, त्या घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी त्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बसत. शेजारच्या स्टुलावर रेडिओ असे आणि मांडीवर चौकटी आखलेली एक वही. त्या वहीत त्या शहराच्या पायरेट्स संघाच्या सामन्याची बारीक अक्षरांत नोंद करीत. घरात दूरचित्रवाणी संच होता, परंतु बेसबॉलसाठी त्यांनी तो लावल्याचे मला आठवत नाही. मैदानावर जाऊन पहिला सामना पाहण्यापूर्वी मी हा खेळ दोन उन्हाळे नुसता ऐकला, आणि अमेरिकन माणसाच्या आयुष्यात त्याला जे स्थान आहे, ते मला त्या पडवीतच उमगले. म्हणून आज मी बेसबॉलच्या रेडिओशी असलेल्या नात्याविषयीच प्रामुख्याने बोलणार आहे.

हे नाते पिट्सबर्गमध्येच जुळले. ५ ऑगस्ट १९२१ रोजी तेथील केडीकेए या केंद्राचे निवेदक हॅरॉल्ड आर्लिन फोर्ब्स फील्ड या मैदानावर जाऊन बसले आणि टेलिफोनच्या यंत्रात फेरफार करून बनवलेल्या ध्वनिक्षेपकातून त्यांनी पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया या सामन्याचे वर्णन केले. व्यावसायिक बेसबॉल सामन्याचे ते पहिले नभोवाणी प्रक्षेपण. पायरेट्सनी तो सामना ८-५ असा जिंकला. फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार, अशी धास्ती पुढे अनेक संघमालकांना वाटत राहिली, आणि न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तर १९३०च्या दशकात काही वर्षे आपसांत करार करून रेडिओला मैदानाबाहेरच ठेवले होते.

हा खेळ रेडिओला इतका मानवला, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोजच खेळ असतो. दोन चेंडूंच्या मधे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, थांबतो, कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, खुणा पाहतो, मान हलवून नकार देतो, पुन्हा पाहतो, आणि या थांबण्यात समालोचकाला हवामानाविषयी, एखाद्या खेळाडूच्या गावाविषयी किंवा मागच्या वर्षीच्या अशाच एका संध्याकाळविषयी बोलायला अवकाश मिळतो. आमच्या सांगलीच्या घरी बाबा बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी धावते समालोचन ट्रान्झिस्टर कानाशी धरून ऐकत, त्यामुळे आवाजावरून मैदान डोळ्यांपुढे उभे करण्याची ही रीत मला नवी नव्हती. मात्र आमच्याकडे कसोटी सामना पाहुण्यासारखा येई आणि जाई. तिथे तो आवाज घरचाच होता. विन स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम डॉजर्स या एकाच संघाचे समालोचन केले. १९५८ साली हा संघ ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला आला, तेव्हा हजारो प्रेक्षक मैदानात बसूनही सोबत आणलेल्या ट्रान्झिस्टरवर स्कली यांना ऐकत असत. समोर घडणारा खेळ त्यांना त्या आवाजातून ऐकल्यावाचून पुरा वाटत नसे.

मालकीणबाईंनी मला ती वही भरायला शिकवले. क्षेत्ररक्षकांच्या जागांना क्रमांक असतात : पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा टप्पा) ३, दुसऱ्या बेसवरचा ४, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. वहीत ६-४-३ असे लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि एका फटक्यात दोघे बाद झाले, एवढी सगळी धावपळ तीन आकड्यांत मावते. या नोंदींचा पाया घालणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि आधी न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचे वार्तांकन करणारे पत्रकार होते, हे कळल्यावर मला विशेष आनंद झाला. बाईंची वही बाबांच्या धावफलकाच्या कात्रणांची चुलत बहीणच निघाली.

परंतु त्या रेडिओवर काय ऐकू येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८८०च्या दशकापासून सुमारे सहा दशके कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य संघांची दारे बंद होती. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा अलिखित एकोपा होता, आणि तो नियमापेक्षाही पक्का ठरला. कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या लीग उभारल्या. पिट्सबर्ग तर त्यांचे माहेरघर होते. होमस्टेड ग्रेज या संघाचे जॉश गिब्सन याच फोर्ब्स फील्डवर खेळत, पण त्यांचे सामने रेडिओवर क्वचितच येत. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी, गिब्सन याच शहरात वारले. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळून ती भिंत पाडली, त्याला तेव्हा तीन महिने उरले होते. मी मालकीणबाईंना गिब्सनविषयी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की, त्यांच्या लहानपणी काही मैलांवर तो खेळत होता, पण त्याचे नाव त्यांच्या घरात कधी आलेच नाही. २०२४ साली त्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावली गेली आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांच्या वर गेले. ते वाचताना मला बाईंची ती शांतता आठवली.

डॉजर्सचे समालोचक रेड बार्बर यांचा जन्म मिसिसिपीतला आणि बालपण फ्लोरिडात गेलेले. वर्णभेद त्यांनी हवेसारखा अंगवळणी पाडून घेतला होता. संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९४५ साली कृष्णवर्णीय खेळाडू आणण्याचा आपला बेत त्यांना खाजगीत सांगितला, तेव्हा बार्बर यांनी घरी जाऊन पत्नीला नोकरी सोडतो असे सांगितले. पत्नीने घाई करू नका म्हटले. विचाराअंती त्यांनी ठरवले की, आपले काम चेंडूचे काय झाले ते सांगण्याचे आहे आणि तेच करायचे. १५ एप्रिल १९४७नंतर रॉबिन्सन यांचे वर्णन ते इतर कोणत्याही खेळाडूचे करावे तसेच करीत राहिले. ज्या घरांच्या उंबऱ्यावर कृष्णवर्णीय माणसाला कोणी उभे केले नसते, अशा कितीतरी घरांत ते नाव त्या ओळखीच्या आवाजातून रोज संध्याकाळी जाऊ लागले. माझ्या मते बार्बर यांचे हे साधे वर्णन कित्येक भाषणांहून मोलाचे होते.

पुढे ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे हँक आरन यांनी ७१५वा होमरन, म्हणजे चारही बेस पार करून धाव मिळवून देणारा फटका, मारून बेब रूथ यांचा विक्रम मागे टाकला. त्याआधी कित्येक महिने, केवळ वर्णापायी, त्यांना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. स्कली त्या क्षणी बोलायचे थांबले आणि त्यांनी श्रोत्यांना नुसता गर्दीचा गजर ऐकू दिला. मग ते म्हणाले ते खेळाविषयी नव्हते. दक्षिणेतल्या एका शहरात एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, हे त्यांनी देशाला सांगितले.

आता पिचरला घड्याळ लावले आहे. २०२३पासून बेस रिकामे असतील तर त्याने १५ सेकंदांच्या आत चेंडू टाकायचा असतो. सामने आटोपशीर झाले, प्रेक्षकही वाढले, हे मला मान्य आहे. तरी समालोचकाच्या वाट्याची उसंत त्यामुळे कमी झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फोर्ब्स फील्ड आता उरलेले नाही. विद्यापीठाच्या आवारात त्याच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. १३ ऑक्टोबर १९६० रोजी याच मैदानावर, यांकीज संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना, बिल मॅझरॉस्की यांनी होमरन मारून पायरेट्सना जगज्जेते केले. १९८५ साली एक चाहता त्या तारखेला ध्वनिफीत घेऊन एकटाच त्या भिंतीपाशी जाऊन बसला आणि त्याने साऱ्या सामन्याचे समालोचन ऐकले. पुढच्या वर्षांत आणखी लोक येऊ लागले. ध्वनिफीत अशा बेताने सुरू करतात की, तो होमरन मूळ वेळेलाच, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी, ऐकू यावा.

मी पिट्सबर्गला आले त्या पहिल्याच वर्षी बाई मला तिथे घेऊन गेल्या. घडीच्या खुर्च्या, पायांवर पांघरुणे, आणि गर्दीत बाईंच्या वयाची पुष्कळ माणसे. सामन्याचा निकाल प्रत्येकाला पाठ होता, तरी बाई मांडीवर वही घेऊन पहिल्या चेंडूपासून नोंद करीत होत्या. समालोचक चक थॉम्प्सन यांच्याकडून त्या दिवशी ऐन मोक्याला चूक झाली होती : चेंडू टाकत होता राल्फ टेरी, आणि त्यांनी नाव घेतले आर्ट डिटमारचे. ते चुकीचे नाव ऐकू आले तेव्हा कोणी काही बोलले नाही. बाईंनी वहीत टेरी असे लिहिले, पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहिले.