पिशवी खाली, हात स्वच्छ

वॉर्डातल्या आजोबांना लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घातलेली आहे; लघवी तिच्यातून पिशवीत साचते. सकाळची फेरी सुरू होते ती पाण्याच्या नळापाशी. वॉर्डातल्या मावशींच्या हातावर साबण आहे: आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखांच्या कडा. हातमोजे त्यानंतर. मोजे आहेत म्हणून हात धुणं सुटत नाही, आणि मोजे उतरवल्यावर हात पुन्हा धुवायचेच.

"आजोबा, नळीची जागा पुसून घेते हं." आधी सांगायचं, पडदा ओढायचा, मगच पांघरूण बाजूला सारायचं.

रोजच्या सफाईला साबण आणि पाणी पुरतं. मावशींचा हात कुठून कुठे जातो ते बघा. कॅथेटर शरीरात शिरतो तिथून सुरुवात, आणि पुसत पुसत बाहेरच्या दिशेने. उलट कधीच नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी नळी धरून ठेवली आहे. मूत्राशयात पाण्याने फुगवलेला छोटा फुगा तिला आत अडकवून ठेवतो. बाहेरून हिसका बसला की आतली नाजूक कातडी दुखावते. म्हणून मांडीवर ही पट्टी. तिथे नळीला जराशी ढील दिली आहे, म्हणजे आजोबा कुशीवर वळले तरी ओढ बसणार नाही. मग पूर्ण नळीवरून बोट फिरतं: कुठे पीळ नाही ना, अंगाखाली दबली नाही ना.

पिशवी खाटेच्या दांड्याला अडकवली आहे. मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. खुर्चीत बसवतानाही ती मांडीवर ठेवायची नाही, नाहीतर साचलेली लघवी उलटी वर चढते.

दोन तृतीयांश भरायच्या आत पिशवी रिकामी करायची. आजोबांचं भांडं वेगळं, शेजारच्या खाटेचं वेगळं. पिशवीची तोटी भांड्याच्या काठाला लागू दिलेली नाही, हे नीट पाहा. घाईत नेमकं हेच राहून जातं. नळी आणि पिशवीचा जोड मात्र विनाकारण उघडायचा नाही.

कॅथेटर आत असताना लघवीत जंतू येण्याचा धोका दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के असतो. ताप, हुडहुडी, ओटीपोटात दुखणं, अचानक आलेलं गोंधळलेपण, लघवी थांबणं: सिस्टरना लगेच कळवायचं.

सिस्टर आता फाइल बघताहेत. नळी कशासाठी घातली होती? ते कारण आजही आहे का? चादर ओली होते, एवढं कारण पुरेसं नाही. गरज संपली असेल तर डॉक्टरांना विचारून नळी आजच काढायची.