साडेतीन गिगाहर्ट्झवर आधी कोण होतं?

[ड्रोन : हिरवी कुरणं, कालवे, मधोमध पांढऱ्या तबकड्या]

नेदरलंड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंड प्रांतात ब्यूरम नावाचं छोटं खेडं आहे. गाई, कालवे आणि २०१२ मध्ये जळून गेल्यावर पुन्हा उभारलेली जुनी पवनचक्की. गावाबाहेर, कुरणांच्या मधोमध, आकाशाकडे तोंड करून या तबकड्या उभ्या आहेत. १९७३ पासून इथे उपग्रहांचं भूकेंद्र आहे. एका बाजूला व्यापारी उपग्रह कंपन्या, आणि शेजारीच डच गुप्तचर यंत्रणांचं केंद्र. त्याला फ्रीसलंडचे लोक ‘मोठा कान’ म्हणतात.

[जवळून : तबकडी, तिच्यासमोरचा रिसीव्हर]

तबकडीवर पडलेल्या लहरी जिथे एकत्र येतात, तो भाग आता तुमच्यासमोर आहे. ज्या उपग्रहाकडे ही तबकडी रोखलेली आहे, तो विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथून निघालेला संदेश खाली पोचेपर्यंत कमालीचा क्षीण होतो. म्हणून तर तबकडी एवढी मोठी लागते आणि तिच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र एवढं नाजूक लागतं. आता त्याच लहरींवर बोलणारा मोबाईल टॉवर काही किलोमीटरवर उभा करा. कानाशी ढोल-ताशा वाजत असताना पलीकडच्या वाडीवरून आलेली हाक ऐकू येईल का? उपग्रहाचा संदेश येतच राहतो, पण यंत्राला तो ओळखता येत नाही.

ब्यूरमला येणारे संदेश साडेतीन गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साडेतीन अब्ज कंपनांच्या, आसपास येत होते. आणि फाइव्ह-जीसाठी युरोपने निवडला तो नेमका हाच पट्टा.

[दृश्य : शहरातले टॉवर, गच्चीवरचे अँटेना]

का निवडला, हे समजून घ्यायला हवं. एक गिगाहर्ट्झ म्हणजे हजार मेगाहर्ट्झ. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीही ओलांडतात, पण तिथे जागा थोडी. २६ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण लहर भिंतीशी अडते. ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा मधला पट्टा आहे. इथे एकेका कंपनीला १०० मेगाहर्ट्झचा सलग तुकडा देता येतो आणि टॉवरही फार दाट लावावे लागत नाहीत.

लहरींना देशाची सीमा कळत नाही, म्हणून युरोपातले देश हे एकत्र बसून ठरवतात. १९५९ मध्ये स्थापन झालेली सीईपीटी ही त्यांची जुनी संघटना. तिचं कार्यालय कोपनहेगनला आहे आणि कोणती सेवा कोणाला किती त्रास देईल, याची तांत्रिक आकडेमोड तिथे होते. युरोपीय संघाने २००२ मध्ये स्पेक्ट्रमचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांचा, स्वतंत्र कायदेशीर निर्णय केला, सल्लागार गट नेमला. मग २०१८ च्या दूरसंचार संहितेत बंधनच घातलं : ३१ डिसेंबर २०२० पर्यंत हा मधला पट्टा सगळ्या सदस्य देशांनी फाइव्ह-जीला वापरू द्यायचा. परवाने किमान १५ वर्षांचे, आणि किमान २० वर्षं नियमांचा अंदाज बांधता येईल अशी हमी. गुंतवणूक करणाऱ्यांसाठी हे सगळं नेमकं लिहिलेलं आहे.

पण कागदावर तारीख पडली तेव्हा ब्यूरमच्या तबकड्या चालूच होत्या.

[नकाशा : अॅमस्टरडॅम ते झ्वोले रेषा]

तोवर डच सरकारने एक उपाय चालवला होता. अॅमस्टरडॅम ते झ्वोले अशी रेषा नकाशावर ओढायची आणि तिच्या उत्तरेला साडेतीन गिगाहर्ट्झच्या वापरावर कडक मर्यादा घालायच्या. वाटून घेण्याचा हा सर्वांत साधा प्रकार : लहर तीच, मुलूख वेगळे. भूकेंद्र सुरक्षित राहिलं, पण जवळजवळ अर्ध्या देशाच्या फाइव्ह-जीचा मार्ग अडला.

गुप्तचरांचं काम देशाबाहेर हलवायचं, असं सरकारने ठरवलं. राहिली ब्यूरममधली उपग्रह कंपनी इनमारसॅट. ही कंपनी मुळात १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून जन्माला आली, समुद्रावरच्या जहाजांना संकटात मदत मागता यावी म्हणून. कोकणात ज्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्या घराला याचं मोल वेगळं सांगायला नको. ब्यूरममधून जाणाऱ्या संदेशांत आणीबाणीचे संदेशही होते. सरकारने १ सप्टेंबर २०२२ पासून पट्टा लिलावातून मोबाईल कंपन्यांना देण्याचं जाहीर केलं, कंपनी न्यायालयात गेली, आणि जून २०२१ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली. संकटातल्या जहाजांचं काय, याची सोय आधी करा, मग लिलाव करा, असा प्रश्न न्यायालयापर्यंत न्यावा लागला, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत खटकतं. ही सोय धोरणाच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.

शेवटी इनमारसॅटचं काम ग्रीसला नेण्यावर तोडगा निघाला. लिलाव २०२४ च्या उन्हाळ्यात झाला. तीन कंपन्यांना प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ मिळाले आणि सरकारला सुमारे १७.४ कोटी युरो.

[दृश्य : माइन्झ, ऱ्हाइनचा काठ, मग कारखान्याच्या आत चालकाविना फिरणाऱ्या गाड्या]

जर्मनीतल्या माइन्झ शहराने स्पेक्ट्रमचे मोठे लिलाव पाहिले. २००० साली थ्री-जीसाठी कंपन्यांनी पन्नास अब्ज युरोंहून जास्त बोली लावली. त्यातल्या दोघांचं स्वतःचं थ्री-जी नेटवर्क तर कधी सुरूच झालं नाही. २०१९ च्या लिलावात ४९७ फेऱ्या झाल्या आणि ६.५५ अब्ज युरो जमले. पण या वेळी जर्मन नियामकाने एक धाडस केलं. ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा १०० मेगाहर्ट्झचा तुकडा लिलावात उतरवलाच नाही. तो स्थानिक नेटवर्कसाठी राखून ठेवला.

समोर दिसताहेत त्या गाड्यांना असंच नेटवर्क लागतं. ते कारखान्याच्या आवारापुरतं चालतं, आणि डेटा कुंपणाबाहेर जायची गरज पडत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून ज्याच्याकडे जमिनीचा हक्क आहे, तो अर्ज करू शकतो. शुल्काचं सूत्र उघड आहे : मूळ १,००० युरो, त्यावर पट्ट्याची रुंदी, वर्षं आणि क्षेत्रफळ यांचा हिशेब. एक चौरस किलोमीटरच्या आवारासाठी पूर्ण १०० मेगाहर्ट्झ, दहा वर्षांसाठी : ३१,००० युरो. वर्षभरात वापर सुरू केला नाही तर हक्क जातो. शेजारच्या आवाराशी लहरी भिडल्या तर दोघांनी आधी आपापसांत बोलून मार्ग काढायचा.

मोठ्या मोबाईल कंपन्यांनी याला विरोध केला, राखीव तुकड्यामुळे बाकीचा महाग झाला अशी तक्रारही केली. मला मात्र युरोपच्या सगळ्या स्पेक्ट्रम धोरणातली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद वाटते. आज कारखाने, विद्यापीठं, बंदरं मिळून शेकडो परवाने दिले गेले आहेत. नेदरलंड्सनेही लिलावाआधी पट्ट्याची दोन्ही टोकं, ५०-५० मेगाहर्ट्झ, अशा स्थानिक वापरासाठी बाजूला काढली.

[दृश्य : जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातली प्रचंड तबकडी, हळूहळू वळताना]

ही एफल्सबर्गची रेडिओ दुर्बीण, आकाशातून येणाऱ्या लहरी टिपणारी. व्यास १०० मीटर, वजन ३,२०० टन, आणि ती अख्खी वळते. बाहेरच्या लहरी डोंगराने अडवाव्यात म्हणून मुद्दाम दरीत बांधली. नारायणगावजवळ खोडदच्या तबकड्या पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, लहरींचे पट्टे मात्र वेगळे. मोठे तारे जिथे जन्मतात, तिथल्या मिथेनॉलच्या रेणूंतून ६.६७ गिगाहर्ट्झच्या सुमाराला लहरी येतात, आणि त्या ही दुर्बीण टिपते.

पुढचा वाद इथेच आहे. ६,४२५ ते ७,१२५ मेगाहर्ट्झ. सिक्स-जी लक्षात घेऊन मोबाईल कंपन्यांना हे ७०० मेगाहर्ट्झ हवे आहेत. वायफायवाल्यांनाही तेच हवेत, त्याखालचा ४८० मेगाहर्ट्झचा तुकडा युरोपने त्यांना २०२१ मध्येच दिला. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या जागतिक रेडिओ परिषदेने वरचा पट्टा युरोप-आफ्रिकेच्या विभागात मोबाईलसाठी नेमून दिला, पण वायफायचं दार बंद केलं नाही. ब्रिटनचा दूरसंचार नियामक ऑफकॉम याने दोघांना एकत्र नांदवायचे मार्ग मांडले, त्यातला एक : घरात वायफाय, बाहेर मोबाईल. या पट्ट्यात आजही एका टॉवरवरून दुसऱ्यावर संदेश नेणारे मायक्रोवेव्हचे दुवे आहेत, उपग्रहांकडे वर जाणारे संदेश आहेत, समुद्राचं तापमान मोजणारे उपग्रह आहेत.

पुढची परिषद २०२७ च्या ऑक्टोबरमध्ये शांघायला भरते आहे. त्याआधी युरोपने एफल्सबर्गसारख्या ठिकाणांभोवतीची संरक्षित वर्तुळं नकाशावर आखावीत, इमारतीच्या आत वायफायने किती शक्तीने चालायचं ते आकड्यात लिहावं, टॉवरने आकाशाकडे किती लहरी सांडायच्या त्याची मर्यादा ठरवावी, आणि मग लिलाव पुकारावा.