रस्ता कुणाच्या बापाचा?

(रस्ते बांधकामातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याने लातूर जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सायकलस्वार आणि वाहनचालक : रस्त्यावरचं सौजन्य’. सौजन्य म्हटलं की लोक जांभया द्यायला लागतात, आणि त्यांचं फार चुकत नाही. म्हणून मी आज कुणाच्या स्वभावाबद्दल बोलणार नाही. माझी नोकरी रस्त्यांत गेली. माणूस चांगला की वाईट हे मला पटकन कळत नाही, रस्ता किती मीटरचा आहे हे मात्र कळतं. तेवढ्यावरच बोलतो.

आपल्याकडचा गावाला जोडणारा एकपदरी डांबरी रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो. म्हणजे बारा फूट आणि वर चार बोटं. बसची किंवा ट्रकची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते. करा वजाबाकी. बस अगदी पलीकडच्या कडेला चिकटून गेली तरी सायकलवाल्याला उरतात सव्वा मीटरसुद्धा नाहीत, १.१५ मीटर. सायकलच्या हँडलची रुंदी दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर. उरले ५५. त्यातली वीतभर जागा त्याने कडेपासून सोडली, तर त्याचं कोपर आणि बसचा पत्रा यांच्यात एक फूट राहतो. सायकल काही रुळावर चालत नाही. ती पायडलागणिक डावी-उजवी हलते. चढ असला, मागे कॅरिअरवर पोतं असलं, तर जास्तच हलते. तेव्हा अशा रस्त्यावर ‘जरा साइड देऊन’ ओव्हरटेक करणं ही गोष्ट मापातच बसत नाही. कुणीतरी डांबर सोडून खाली उतरलं पाहिजे.

आम्ही रस्ता आखतो तेव्हा हे गृहीतच धरलेलं असतं. एकपदरी रस्त्यावर दोन वाहनं भेटली की दोघांनी एका बाजूची चाकं साइडपट्टीवर घ्यायची, असा तो हिशेब आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही रोज बघता. उतरतो तो सायकलवाला. आणि तो कशात उतरतो, हे गाडीत बसून दिसत नाही.

आपली जमीन काळी. कापसाला, सोयाबीनला, तुरीला सोन्यासारखी, पण रस्त्याला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षं असं फुगणं-आकसणं चाललं की डांबराची कड तुटते, साइडपट्टी खचते, आणि डांबर आणि माती यांच्यात चार बोटांपासून अर्ध्या फुटापर्यंत पायरी तयार होते. चारचाकीला ती पायरी म्हणजे एक धक्का. सायकलचं पुढचं चाक तिच्यावरून तिरकं घसरलं की माणूस आडवा, आणि पडतो तो बहुतेक वेळा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्याच चाकाकडे.

पावसाळ्यात आणखी मजा. ही माती टायरला धरते, मडगार्डमध्ये ठासून बसते, आणि पाच-पन्नास फुटांत चाक जाम होतं. मग काडी घेऊन चिखल कोरत बसा. उन्हाळ्यात कडेला बाभळीचे काटे, शेंगा, फुटलेल्या बाटल्यांची काच. हे सगळं गाड्यांच्या वाऱ्याने कडेलाच साचतं. म्हणून सायकलवाला कडेपासून दोन-अडीच फूट आत चालतो. गाडीतला म्हणतो, “बघा, कसा मधून चाललाय, सरकारच्या जावयासारखा!” तो जावई नाही हो. जिथं चाक टिकेल तिथून तो चाललाय.

या सायकलींवर बसतं कोण, तेही बघा. दूधवाल्यांनी, पोस्टमननी, मास्तरांनी सायकल सोडली त्याला जमाना झाला. आज आपल्या ग्रामीण रस्त्यांवर सायकलवर सगळ्यात जास्त दिसतात त्या शाळेच्या पोरी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. म्हणजे तुम्ही ज्याला हॉर्न मारून बाजूला करता, ते बऱ्याचदा तेरा-चौदा वर्षांचं लेकरू असतं, पाठीवर दप्तर, आणि वाऱ्यात ओढणी चाकात जाऊ नये म्हणून अर्धं लक्ष तिकडं.

मग करायचं काय? थांबायचं. मागे राहायचं. किती वेळ जातो, तेही मोजू. तुम्ही ६० च्या वेगाने येताय, पुढे सायकल १५ ने चाललीय, आणि रस्ता मोकळा व्हायला शंभर मीटर तिच्या मागे काढावे लागले. ६० च्या वेगाने ते अंतर ६ सेकंदांचं, १५ ने २४ सेकंदांचं. गेले १८ सेकंद. गिअर बदलण्याचे, पुन्हा वेग घेण्याचे धरून पंचवीस म्हणा. पुढच्या गावात पानटपरीवर याच्या दसपट वेळ आपण पुडी सोडण्यात घालवतो.

बाहेरच्या देशांत हे अंतर कायद्यात आकड्याने लिहिलंय. फ्रान्समध्ये सायकलला ओव्हरटेक करताना गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर सोडावं लागतं. जर्मनीने २०२० पासून गावात दीड आणि बाहेर २ मीटर केलं. आपल्याकडे मीटरचा आकडा नाही, पण २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत हे स्पष्ट आहे की पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं, दिव्यांग यांच्याबाबत चालकाने विशेष काळजी घ्यायची. लायसन्स काढताना कुणी हे वाचत नाही. आपल्याला पाठ असतो तो फक्त आठचा आकडा.

गावाबाहेर जास्त अंतर का? वारा. भरधाव ट्रक शेजारून जाताना हवेचा दाब आधी सायकलवाल्याला बाहेर ढकलतो आणि ट्रक पुढे गेला की आत ओढतो. म्हणजे ‘कट मारून’ गेलेला ट्रक अंगाला लागला नाही, तरी त्याने माणूस हलवलेला असतो. अगदी पाठीशी येऊन दाबलेला हॉर्न हाही एक प्रकारचा कटच. लेकरू दचकतं, मागे वळून बघतं, आणि मान वळली की हँडल वळतं. हॉर्न वाजवायचाच असेल तर पन्नास-साठ मीटरवरून एकदा, हलका. ते ‘मी येतोय’ म्हणणं झालं. आणि कर्णकर्कश, चाली काढणारे हॉर्न तर नियमानेच बंद आहेत, भले ते गाडीच्या दिमाखात कितीही भर घालोत.

आता रात्रीचं. या विषयात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच. समोरून ट्रक आला की आपण डिपर देतो, म्हणजे हेडलाइटचा अप्पर झोत खाली घेतो, ट्रकवालाही घेतो. चांगली रीत आहे. समोरून सायकल आली की कितीजण अप्परचा डिपर करतात? करत नाहीत, कारण सायकल उलटून डोळ्यांवर लाइट मारू शकत नाही. ट्रकला दिलेला डिपर हा सौदा झाला, आणि सायकलवाल्याकडे सौद्याला काहीच नसतं. त्या बिचाऱ्याला अप्परच्या झोतात काही सेकंद निव्वळ पांढरं दिसतं आणि त्याच्या डाव्या हाताला ती अर्ध्या फुटाची पायरी असते.

तुम्ही म्हणाल, डिपरवर आम्हाला दिसत नाही. बरोबर आहे. डिपरमध्ये साधारण चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, ३३ मीटर झाले. मग कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी पस्तीसेक मीटर. बेरीज सत्तरच्या घरात. म्हणजे ८० ने जाणारा माणूस त्याला दिसतंय त्याच्या पलीकडे गाडी चालवतोय. ५० ने हीच बेरीज पस्तीसच्या आसपास येते. डिपरचा वेग ५० आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एक नवीन अडचण आलीय. समृद्धी महामार्ग, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, आपल्या जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. कारला १२० ची मुभा, दुचाकीला बंदी, सायकलचा तर प्रश्नच नाही. तिथं तासभर १२० ने चालवलं की डोळे त्या वेगाला सरावतात. जालन्याला खाली उतरलात की ७० म्हणजे बैलगाडीचा वेग वाटतो. उतरल्यावर पहिली दहा मिनिटं डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काट्याकडे बघा.

आता सायकलवाल्यांकडे वळतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूने बोलतोय. पहिली गोष्ट, उजव्या बाजूने सायकल चालवू नका. पुष्कळ आईबाप पोरींना सांगतात, “समोरून येणारी गाडी दिसते, त्या अंगाने जा.” ते पायी चालणाऱ्याला लागू आहे. सायकलचं गणित उलटं आहे. डावीकडून चालताना ६० ची गाडी तुमच्याकडे ४५ च्या फरकाने येते. उजवीकडून, समोरासमोर, ७५ ने. चालकाला मिळणारा वेळ चाळीस टक्क्यांनी कमी होतो. दुसरं, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे बत्ती. पूर्वी नगरपालिकेचा बिल्ला आणि बत्ती नसली की पोलीस सायकलची हवा सोडायचा. हवा सोडणं काही मी परत आणा म्हणत नाही, पण बत्ती परत आणा. वळायच्या आधी हात दाखवा. तिघी-तिघी शेजारी गप्पा मारत जाणं मला बघायला फार आवडतं, पण वळणावर आणि पुलावर एकामागे एक व्हा.

आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीपासून लांब. हे पोरांनी नीट ऐका. चढावर ट्रॉलीची साखळी धरून फुकट ओढून घेणं तुम्हाला हुशारी वाटते. मोळ्या रस्सीने बांधलेल्या असतात, खड्ड्यात सरकतात. त्याहून वाईट म्हणजे वळण. ट्रॅक्टरचं चाक ज्या रेषेतून वळतं, त्याच्या आतून पहिली ट्रॉली जाते, आणि तिच्याही आतून दुसरी. कारखान्याच्या फाट्यावर ट्रॅक्टर डावीकडे वळताना त्याच्या डाव्या बाजूला तुम्ही असलात, तर ट्रॅक्टर लांबून गेला असं वाटतं आणि मागची ट्रॉली अंगावर येते. ट्रॅक्टरवाल्याला ते दिसतच नाही, त्याच्या पाठीमागे उसाची भिंत असते. ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लावणं हे मात्र त्याच्या हातात आहे, आणि मळली की पुसणंही.

एक वाद नेहमी निघतो, “आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाला काय भरतो?” ठीक, टॅक्सवरच बोलू. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात गाड्या सतत फिरवून रस्ते कसे झिजतात याची मोठी चाचणी झाली. त्यातून निघालेला नियम आम्ही आजही वापरतो. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुपटीने नाही, सुमारे सोळा पटीने वाढतं. कारच्या आसावर अर्धा-पाऊण टन असतो, भरलेल्या ट्रकच्या आसावर दहा-अकरा. त्या हिशेबाने सायकल रस्त्याचं काहीच बिघडवत नाही. तिच्या वाट्याला किती टॅक्स येतो तो काढा, मी इथंच खिशातून देतो.

खरं कारण टॅक्स नाही. छत्रपती संभाजीनगरला पहाटे दौलताबाद-वेरूळच्या बाजूला हेल्मेट घालून महागड्या सायकलींवर निघालेली मंडळी दिसतात. गाडीवाले त्यांना जागा सोडतात, काही तर काच खाली करून अंगठा दाखवतात. त्याच शहरात वाळूज एमआयडीसीत शिफ्टला निघालेल्या कामगाराला, जुन्या काळ्या सायकलवर डबा लटकवलेल्या माणसाला, तोच गाडीवाला “ए, कडेला घे” म्हणतो. दोघांच्या हँडलची रुंदी जवळपास सारखीच आहे. पहाटेच्या मंडळींनाही माझं सांगणं आहे, तुम्हाला मिळणारी जागा त्या डबेवाल्यालाही मिळावी म्हणून तुम्ही बोला. तुमचं ऐकतात.

“रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?” हे आपल्याकडे दोन्ही बाजूंनी विचारलं जातं. सरकारी कागदावर तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा नाहीतर बांधकाम खात्याचा असतो. साइडपट्टी भरणं त्या-त्या खात्याचं काम आहे, आणि ते पावसाळ्यानंतर, ऊस सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे. मुरूम टाकून दाबून घ्यायला फार मोठा खर्च येत नाही. ग्रामसभेत रस्ता मागताना आपण डांबर मागतो, साइडपट्टी कुणी मागत नाही. अर्जात डांबराची कड किती बोटं उघडी पडलीय ते मोजून लिहा. नुसतं ‘रस्ता खराब आहे’ लिहिलेल्या अर्जाचं काय होतं, ते मला आतून माहीत आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलंय. प्रश्न विचारा, आधी मागे उभे आहेत त्या चालक मंडळींनी. मघापासून त्यांच्यातले दोघं मान हलवताहेत, आणि ती होकाराची वाटत नाही.